ओडीबीसी आणि बाह्य विदा-फाइलींवरील अहवाल

ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी, अर्थात ओडीबीसी, ही संगणकावरील एखाद्या आज्ञावलीस निरनिराळ्या विदागारांशी एकाच ठरलेल्या पद्धतीने बोलता यावे म्हणून तयार झालेली मानक आंतरपृष्ठ-प्रणाली होय. अहवाल तयार करणारी साधने (उदाहरणार्थ क्रिस्टल रिपोर्ट्स किंवा पॉवर बीआय) या प्रणालीच्या साहाय्याने केवळ मोठ्या विदागार-सर्व्हरमधील विदाच नव्हे, तर डीबेसच्या फाइली, एक्सेलची कार्यपुस्तके आणि स्वल्पविरामाने विभागलेल्या मजकूर-फाइली (सीएसव्ही) हेही विदागार असल्याप्रमाणे वाचू शकतात. साधन आणि फाइल यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या घटकास ड्रायव्हर म्हणतात.

फाइलीच्या बाबतीत ड्रायव्हरचे काम केवळ वहनाचे नसते. ज्या फाइलीत स्तंभांचे विदाप्रकार नोंदलेले नसतात, त्या फाइलीतील कोणता मजकूर संख्या, कोणता दिनांक आणि कोणता शब्द हे ड्रायव्हरच ठरवतो. जोडणी झाली नाही तर त्रुटीचा संदेश येतो. मात्र जोडणी होऊन विदाप्रकाराचा अंदाज चुकला तर बहुधा कोणताही संदेश येत नाही आणि अहवाल दिसायला व्यवस्थित पण आशयाने चुकीचा तयार होतो. त्यामुळे फाइलींवर आधारित अहवालांत जोडणीइतकेच महत्त्व विदेचे स्वरूप स्पष्टपणे घोषित करण्याला आहे.

इतिहास

१९८०च्या दशकात विदागारांची संख्या झपाट्याने वाढली. एसक्यूएल या प्रश्नभाषेचे अमेरिकी मानक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि प्रश्न विदागारापर्यंत पोहोचवण्याची आणि उत्तर परत आणण्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी राहिली. अहवाल-साधन तयार करणाऱ्यास प्रत्येक विदागारासाठी स्वतंत्र जोडणी लिहावी लागत असे. ही अडचण दूर करण्यासाठी एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप या उद्योगसमूहाने कॉल लेव्हल इंटरफेस नावाचा आराखडा तयार केला. त्याच्या आधारे मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे १९९५ मध्ये कॉल लेव्हल इंटरफेस हा एसक्यूएलच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग बनला आणि ओडीबीसीची तिसरी आवृत्ती त्या मानकाशी जुळवून घेण्यात आली.

विंडोजबरोबरच युनिक्स व लिनक्सवर युनिक्सओडीबीसी आणि आयओडीबीसी हे मुक्त स्रोत पर्याय उपलब्ध आहेत. जावा भाषेसाठी याच कल्पनेवर जेडीबीसी ही प्रणाली १९९७ मध्ये आली. जेडीबीसीतून ओडीबीसीकडे जाणारा पूल जावासोबत दीर्घकाळ दिला जात असे. जावाच्या आठव्या आवृत्तीत (२०१४) तो काढून टाकण्यात आला.

रचना

ओडीबीसीची रचना चार घटकांची आहे.

पहिला घटक म्हणजे उपयोजन, म्हणजेच येथे अहवाल-साधन. ते ओडीबीसीतील ठरावीक कार्ये बोलावते: जोडणी करणे, प्रश्न पाठवणे, उत्तरातील ओळी एकेक करून घेणे, जोडणी सोडणे. दुसरा घटक ड्रायव्हर-व्यवस्थापक; मागणी केलेला ड्रायव्हर शोधून स्मृतीत आणणे आणि उपयोजनाची मागणी त्याच्याकडे सोपवणे हे त्याचे काम. तिसरा घटक ड्रायव्हर. तो मागणीचे विशिष्ट विदागाराच्या भाषेत रूपांतर करतो. चौथा घटक विदास्रोत, म्हणजे प्रत्यक्ष विदागार किंवा फाइल.

अहवाल-साधनाच्या पडद्यावर तक्त्यांची आणि स्तंभांची यादी दिसते, ती साधनास आधीपासून ठाऊक नसते. साधन ड्रायव्हरला विचारते आणि ड्रायव्हर जे तक्ते, जे स्तंभ व जे विदाप्रकार सांगेल त्यांवरच अहवालाची मांडणी उभी राहते. ड्रायव्हरने एखादा स्तंभ संख्या म्हणून घोषित केला की पुढची सर्व बेरीज, क्रमवारी व गटवारी त्याच समजुतीवर चालते.

एकस्तरीय आणि बहुस्तरीय ड्रायव्हर

ओरॅकल, पोस्टग्रेएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर यांचे ड्रायव्हर बहुस्तरीय असतात. ते प्रश्न सर्व्हरकडे पाठवतात आणि उत्तर परत आणतात. प्रश्नाचा अर्थ लावण्याचे काम सर्व्हर करतो. फाइलींचे ड्रायव्हर मात्र एकस्तरीय असतात. फाइलीमागे सर्व्हर नसल्यामुळे प्रश्नाचा अर्थ लावणे, ओळी गाळणे, क्रम लावणे आणि दोन तक्ते जोडणे ही कामे ड्रायव्हरच्याच पोटातील विदा-इंजिन करते. मायक्रोसॉफ्टच्या फाइल-ड्रायव्हरांमागे प्रारंभी जेट आणि नंतर एसीई हे इंजिन होते. ॲक्सेस हे विदागारही त्याच इंजिनांवर चालते.

याचे दोन परिणाम होतात. फाइल नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावर असेल तर मोजक्या ओळी हव्या असल्या तरी फाइलीचा मोठा भाग नेटवर्कवरून ओढला जातो. तसेच प्रश्नात वापरता येणारी कार्ये त्या इंजिनापुरती मर्यादित राहतात. मजकूर-ड्रायव्हरमधून नवीन ओळ जोडता येते, पण असलेली ओळ बदलता किंवा पुसता येत नाही. अहवालासाठी केवळ वाचन पुरेसे असल्याने ही मर्यादा सहसा जाणवत नाही.

विदास्रोताची नोंद

ड्रायव्हर कोणता, फाइल कोठे आणि वाचनाचे पर्याय कोणते ही माहिती एका नावाखाली साठवली जाते. या नोंदीस विदास्रोत-नाम (डीएसएन) म्हणतात. तिचे तीन प्रकार आहेत: वापरकर्ता-नोंद केवळ ती करणाऱ्याच्या खात्यास दिसते, प्रणाली-नोंद संगणकावरील सर्व खात्यांना दिसते, आणि फाइल-नोंद ही स्वतंत्र फाइल असल्याने इतर संगणकांवर नेता येते. नोंद न करता सर्व माहिती जोडणी-वाक्यात थेट लिहिण्याचीही सोय आहे.

मजकूर-फाइली व डीबेस-फाइलींच्या बाबतीत विदागार म्हणून फोल्डरची निवड करावी लागते. फोल्डरमधील प्रत्येक फाइल हा एक तक्ता समजला जातो. एक्सेलच्या बाबतीत कार्यपुस्तक हे विदागार आणि त्यातील प्रत्येक पान हा तक्ता असतो. पानाच्या नावापुढे डॉलरचे चिन्ह येते. नाव दिलेली कक्षा असेल तर ती चिन्हाशिवाय स्वतंत्र तक्ता म्हणून दिसते.

जोडणी न होण्याची काही कारणे वारंवार आढळतात. ३२-बिट अहवाल-साधन केवळ ३२-बिट ड्रायव्हर वापरू शकते आणि ६४-बिट साधन केवळ ६४-बिट. ६४-बिट विंडोजवर ओडीबीसीच्या नोंदी करणारी दोन वेगवेगळी व्यवस्थापन-साधने असतात आणि दोघांच्या प्रणाली-नोंदी स्वतंत्र असतात. एकात केलेली नोंद दुसऱ्या जातीच्या साधनास सापडत नाही तेव्हा आयएम००२ हा संकेत मिळतो. नोंद सापडली पण ड्रायव्हर दुसऱ्या जातीचा निघाला तर आयएम०१४.

दुसरे कारण खात्याचे. हाताने चालवला असता नीट चालणारा अहवाल रात्री वेळापत्रकानुसार चालवला की थांबतो, कारण तेव्हा तो सेवेच्या खात्याखाली चालतो. त्या खात्यास वापरकर्ता-नोंद दिसत नाही आणि वापरकर्त्याने जोडलेले नेटवर्क-ड्राइव्हचे अक्षरही ठाऊक नसते. म्हणून अशा अहवालांसाठी प्रणाली-नोंद आणि नेटवर्कवरील पूर्ण पत्ता वापरतात, तसेच त्या खात्यास फोल्डर वाचण्याची परवानगी देतात.

फाइलींचे प्रकार आणि त्यांतील माहिती

डीबेस-फाइल: डीबेसच्या फाइलीच्या आरंभी शीर्षभाग असतो आणि त्यात प्रत्येक स्तंभाचे नाव, प्रकार व रुंदी नोंदलेली असते. त्यामुळे ड्रायव्हरला अंदाज करावा लागत नाही. मात्र डीबेसमध्ये पुसलेली नोंद फाइलीतून लगेच जात नाही. नोंदीच्या पहिल्या बाइटमध्ये तारकाचिन्ह ठेवले जाते आणि फाइल आवळली जाईपर्यंत नोंद जागेवरच राहते. ड्रायव्हरमध्ये पुसलेल्या नोंदी दाखवण्याचा पर्याय असतो. तो चुकून निवडला गेला तर रद्द झालेले व्यवहार अहवालात पुन्हा अवतरतात.

एक्सेल कार्यपुस्तक: येथे विदाप्रकार स्तंभास नसून प्रत्येक कप्प्यास असतो. एकाच स्तंभात एक कप्पा संख्येचा व दुसरा मजकुराचा असू शकतो. अहवाल-साधनास मात्र संपूर्ण स्तंभाचा एकच प्रकार लागतो. तो ठरवण्यासाठी ड्रायव्हर वरच्या काही ओळी तपासतो. ही संख्या मूळ स्थितीत ८ असते. याशिवाय जुन्या एक्सेल स्वरूपात एका पानावर ६५,५३६ आणि नव्या स्वरूपात १०,४८,५७६ ओळी मावतात. इंग्लंडमध्ये २०२० मध्ये प्रयोगशाळांकडून मजकूर-फाइलींत आलेली कोविड-१९ची विदा जुन्या स्वरूपाच्या एक्सेल फाइलीत भरली जात असताना ही मर्यादा ओलांडली गेली आणि १५,८४१ रुग्णांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून व संपर्कशोधाच्या यंत्रणेतून काही दिवस सुटली.

मजकूर-फाइल: सीएसव्ही फाइलीत केवळ अक्षरे असतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात तिच्या रूढ स्वरूपाचे वर्णन आहे, पण त्यात विदाप्रकार सांगण्याची कोणतीही सोय नाही. स्तंभ किती हेदेखील विभाजक-चिन्हांवरून ठरते. १,२५,००० ही रक्कम अवतरणचिन्हांत न लिहिता फाइलीत टाकली तर तिचे तीन स्तंभ होतात आणि पुढील सर्व मूल्ये दोन घरे सरकतात.

अंदाज चुकल्याचे परिणाम

समजा एक्सेलच्या पानावर जमिनींची यादी असून त्यात गट क्रमांक, क्षेत्र आणि आकार हे तीन स्तंभ आहेत. पहिल्या आठ ओळींत ४१, ४२, ४३ असे साधे गट क्रमांक आहेत आणि नवव्या ओळीपासून ४५/२अ, ४५/२ब असे पोटहिस्से सुरू होतात. ड्रायव्हर पहिल्या आठ ओळी पाहून हा स्तंभ संख्येचा ठरवतो. पुढे आलेले ४५/२अ हे मूल्य संख्येत बसत नाही. त्याच्या जागी रिक्त मूल्य परत केले जाते.

या अहवालातील ओळींची संख्या बरोबर येते. क्षेत्राची एकूण बेरीजही बरोबर येते, कारण तो स्तंभ शाबूत आहे. परंतु गट क्रमांकानुसार गटवारी केली असता सर्व पोटहिस्से एकाच बिननावाच्या गटात गोळा होतात. आणि हा तक्ता गट क्रमांकावरून खातेदारांच्या तक्त्याशी जोडला तर रिक्त मूल्याची कशाशीच जुळणी होत नसल्याने त्या ओळी अहवालातून पूर्णपणे गळतात.

हीच गोष्ट रकमेच्या स्तंभात घडली तर परिणाम वेगळा होतो. बहुतेक कप्प्यांत संख्या आणि काहींत "रु. ५००" असा मजकूर असेल तर मजकुराचे कप्पे रिक्त होतात. एसक्यूएलमध्ये बेरीज करताना रिक्त मूल्ये वगळली जातात, त्यामुळे बेरीज कमी भरते. सरासरीत ती मूल्ये भाजकातूनही वगळली जातात, म्हणून सरासरी वरकरणी योग्य वाटेल अशीच येते.

अंदाजाचे आणखी काही परिचित दोष पुढीलप्रमाणे आहेत:

• आरंभीची शून्ये: पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० हा संख्या मानला गेला की २० होतो. खाते क्रमांक व कर्मचारी क्रमांक यांचेही असेच होते.

• लांब क्रमांक: एक्सेल संख्येचे १५ अंकच अचूक साठवते. सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून भरल्यास शेवटचा अंक शून्य होतो आणि तो ड्रायव्हरला परत मिळवता येत नाही.

• दिनांक: ०३-०४-२०२४ हा दिनांक भारतीय पद्धतीने ३ एप्रिल आणि अमेरिकी पद्धतीने ४ मार्च होतो. भारतातील आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून सुरू होत असल्याने संगणकाची प्रादेशिक मांडणी चुकीची असेल तर तोच व्यवहार २०२४-२५ ऐवजी २०२३-२४ या वर्षात पडतो.

स्वरूप घोषित करणे

मजकूर-फाइलींसाठी मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरमध्ये स्कीमा.आयएनआय या नावाच्या फाइलीची सोय आहे. ही साधी मजकूर-फाइल विदा-फाइलींच्याच फोल्डरमध्ये ठेवतात. तिच्यात प्रत्येक विदा-फाइलीसाठी चौकटी कंसात फाइलीचे नाव देऊन एक विभाग लिहितात आणि त्याखाली पुढील बाबी नोंदवतात: विभाजक-चिन्ह कोणते, पहिल्या ओळीत स्तंभांची नावे आहेत की नाहीत, लिपिसंच कोणता, दिनांकाची मांडणी कोणती आणि प्रत्येक स्तंभाचे नाव, प्रकार व रुंदी. स्तंभ याप्रमाणे घोषित केले की ड्रायव्हर अंदाज करीत नाही. क्रमांक या नावाखाली येणाऱ्या, पण ज्यांची बेरीज कधीच करायची नसते अशा सर्व स्तंभांना मजकूर म्हणून घोषित करणे हा रूढ नियम आहे.

या सोयीत एक धोका आहे. विभागाचे नाव विदा-फाइलीच्या नावाशी तंतोतंत जुळावे लागते. दरमहा येणाऱ्या फाइलीचे नाव महिन्यानुसार बदलत असेल, तर नव्या फाइलीस कोणताच विभाग लागू होत नाही आणि ड्रायव्हर काहीही न सांगता पुन्हा अंदाजावर येतो. म्हणून येणारी फाइल प्रथम एका ठरलेल्या नावाने ठेवतात आणि अहवाल त्याच नावाशी जोडतात.

एक्सेलसाठी अशी घोषणा-फाइल नाही. स्तंभ विदा भरण्यापूर्वीच मजकूर म्हणून सजवणे हा त्यातल्या त्यात विश्वसनीय उपाय होय. आधी भरलेल्या संख्यांवर नंतर मजकुराची सजावट केली तरी कप्प्यातील मूल्य संख्याच राहते. विदा महत्त्वाची असेल तर पान सीएसव्ही स्वरूपात काढून तिला स्कीमा.आयएनआयची जोड देणे अधिक सुरक्षित ठरते.

देवनागरी मजकूर

मराठी मजकूर असलेल्या फाइलींत विदाप्रकाराबरोबरच लिपिसंचाचा प्रश्न येतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ड्रायव्हरने फाइल पाश्चात्त्य लिपिसंचात वाचली तर प्रत्येक चिन्हाऐवजी तीन निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. फाइलीच्या आरंभी यूटीएफ-८ची ओळख सांगणारे तीन बाइट असतील तर पहिल्या स्तंभाच्या नावामागे तीच चिन्हे चिकटतात आणि अहवालास तो स्तंभ त्याच्या मूळ नावाने सापडत नाही. स्कीमा.आयएनआयमध्ये लिपिसंच म्हणून ६५००१ हा यूटीएफ-८चा संकेतांक दिल्यास हा दोष टळतो.

जुन्या डीबेस-फाइलींत वेगळी अडचण असते. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानामुळे डीबेससारख्या आज्ञावल्यांत भारतीय लिपी वापरता येऊ लागल्या. हा मजकूर इस्की या भारतीय मानकानुसार (आयएस १३१९४ : १९९१) प्रत्येक चिन्हास एक बाइट या हिशेबाने साठवला जाई. ड्रायव्हर अशा बाइटांना डॉसच्या रोमन लिपिसंचातील चिन्हे समजून त्यांचे रूपांतर करतो आणि त्यात मूळ बाइट बदलू शकतात. त्यामुळे अशी फाइल अहवालास थेट न जोडता आधी तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे आवश्यक ठरते. रूपांतर करताना स्तंभाची रुंदीही वाढवावी लागते, कारण डीबेसमधील रुंदी बाइटांत मोजली जाते: "कुलकर्णी" या आडनावात आठ चिन्हे आहेत, इस्कीत ते आठ बाइटांत मावते, यूटीएफ-८ मध्ये त्यास चोवीस बाइट लागतात. वीस बाइट रुंदीच्या स्तंभात ते आडनाव अर्धवट तुटते.

देवनागरी अंकांचीही नोंद घ्यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या फाइल-ड्रायव्हरांना "५००" हे मजकूर वाटते, संख्या नव्हे. मराठीत भरलेल्या रकमांचे स्तंभ अहवालाआधी आंतरराष्ट्रीय अंकांत आणावे लागतात. दर्शनी अहवालात अंक पुन्हा देवनागरीत दाखवणे हे मांडणीचे काम आहे, साठवणीचे नव्हे.

पडताळणी

वरील दोष संदेशाविना येत असल्याने पडताळणी अहवालाबाहेरच्या आकड्यांशी करावी लागते. मूळ फाइलीतील ओळींची संख्या आणि ड्रायव्हरने परत केलेल्या ओळींची संख्या ताडून पाहणे ही पहिली पायरी. रकमांच्या स्तंभांची बेरीज मूळ फाइल देणाऱ्याकडून स्वतंत्रपणे घेऊन ती जुळवणे ही दुसरी. जमिनीच्या उदाहरणात या दोन्ही कसोट्या पार पडूनही अहवाल चुकतो. म्हणून प्रत्येक स्तंभातील रिक्त मूल्यांची संख्या मोजणे ही तिसरी पायरी अत्यावश्यक मानावी लागते. ज्या स्तंभात रिक्त जागा असूच नये, तेथे एक जरी रिक्त मूल्य आढळले तरी अंदाज चुकल्याची शंका घ्यावी. दोन तक्ते जोडल्यानंतर ओळींची संख्या घटली का, हेही स्वतंत्रपणे तपासतात.

मर्यादा आणि पर्याय

फाइलींशी थेट जोडणी लहान आणि अधूनमधून लागणाऱ्या अहवालांसाठी सोयीची आहे. फाइली मोठ्या असतील, अनेकजण एकाच वेळी अहवाल चालवीत असतील किंवा आकड्यांवर पैशांचे अथवा आरोग्याचे निर्णय अवलंबून असतील, तर फाइल आधी स्तंभांचे प्रकार निश्चित केलेल्या विदागारात भरून मग अहवाल त्या विदागारास जोडतात. या पद्धतीत न बसणारे मूल्य भरतानाच नाकारले जाते आणि दोष अहवाल छापण्यापूर्वी उघड होतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने, फाइल-ड्रायव्हरमध्ये सर्व्हरसारखी वापरकर्तानिहाय परवानग्यांची व्यवस्था नसते. फोल्डर वाचू शकणारा प्रत्येकजण संपूर्ण विदा वाचू शकतो. तसेच जोडणी-वाक्यात लिहिलेला परवलीचा शब्द अहवालाच्या फाइलीत उघडा राहू शकतो, म्हणून तो तेथे न लिहिण्याची शिफारस केली जाते.

हेही पहा

• एसक्यूएल
• जेडीबीसी
• सीएसव्ही
• डीबेस
• युनिकोड
• इस्की